टाचेचा गिअर

"ज्ञान्या, दहाच्या आत झालं पाहिजे बघ," दौलत खवरे म्हणाला. ही चौथी वेळ. घड्याळात अजून साडेसातसुद्धा झाले नव्हते.

मी पोत्यावर आडवा होऊन त्याच्या गाडीच्या डाव्या कुशीत डोकं घातलं होतं. तिथून मला दौलतचे फक्त दोन पाय दिसत होते. उजवा धड, डावा काठीसारखा. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"दौलत, जरा बस की कुठंतरी. तुझी सावली नाचतीया, मला नट दिसंना झालाय."

"बसतो," म्हणून तो टायरच्या ढिगावर टेकला आणि मी दातात धरलेला बोल्ट हातात घेईपर्यंत परत उठला.

बाकड्यावर मालनवहिनी, म्हणजे दौलतची बायको, बसल्या होत्या. अंगावर नवी साडी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत देवीच्या ओटीचं सामान. दर दहा मिनिटांनी त्या पिशवीत हात घालून नारळ जाग्यावर आहे का बघायच्या. नारळ कुठं जाणार होता? पण बघायच्या.

वीसएक वर्षं झाली ह्याला. राधानगरीत स्टँडच्या मागं माझं गॅरेज होतं. दौलत वीज कंपनीत वायरमन, नुकता रिटायर झालेला. वहिनींचं माहेर फोंडा घाटाच्या खाली, कोकणात. तिथल्या देवीची त्या दिवशी जत्रा होती आणि चार वाजता पालखी देवळातनं बाहेर पडायची होती. बावीस वर्षांत वहिनी त्या जत्रेला पोचल्या नव्हत्या. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी वाऱ्यानं खांब झोपायचे, कधी कुणाच्या तरी लग्नात डीपी जळायची, आणि एका वर्षी तर दौलतच खांबावरनं खाली आला. त्यात डाव्या घोट्यात सळई बसली आणि तो घोटा कायमचा ताठ झाला. शेवटच्या पगाराच्या दिवशी त्यानं बायकोला शब्द दिला होता की यंदा न्यायचं, आणि एसटीत उभ्यानं नाही, ऐटीत.

ऐट म्हणजे ही गाडी. कोल्हापुरातनं जुन्यात घेतलेली काळीभोर क्रूझर मोटारसायकल. लांबीला बैलगाडीपेक्षा चार बोटं कमी आणि आवाज असा, की दौलतनं ती पहिल्यांदा गल्लीत आणली तेव्हा शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं. हे मी नंतर सांगायला लागलो, पण म्हैस होती हे खरं आहे.

अडचण एकच होती. ह्या गाडीला गिअर चढवायचा तर पंजा लिव्हरच्या खाली घालून वर उचलावा लागायचा, आणि दौलतचा घोटा काही वाकत नव्हता. त्याची जुनी गाडी वेगळी होती. अठ्ठावीस वर्षं त्यानं ती एकच चालवली. चार गिअर, चारही पंज्यानं पुढं दाबून चढवायचे, आणि उतरवायचे असले की मागच्या पट्टीवर टाच मारायची. घोटा वाकायचं काही कामच नाही. म्हणून क्रूझरसाठी त्यानं पुण्याहून सेट मागवला होता. पाय सपाट ठेवायला रबर लावलेले दोन रुंद फूटबोर्ड, आणि पुढं पंज्याला नि मागं टाचेला अशी दोन टोकांची गिअरची लिव्हर. पार्सल आलं आदल्या संध्याकाळी. जत्रा उद्यावर आली तेव्हा.

पार्सल उघडलं तर फूटबोर्डाची भोकं एकीकडं आणि गाडीची भोकं दुसरीकडं. मी जाड पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली, वेल्डिंग मारलं. बोर्ड बसवला तर लिव्हरची टाचेची बाजू बोर्डाला घासायला लागली. परत काढलं, दोन वायसर घातले, परत बसवलं. असलं काम असलं की गिऱ्हाइकाचा जीव वरखाली होतो. आणि गिऱ्हाइकाचा जीव वरखाली झाला की मी गोष्ट सांगायला घ्यायचो. तेव्हा मी काम करताना बोलायचो. हल्ली बोलत नाही. लोक म्हणतात मिस्त्री म्हातारा झाला. म्हणू देत.

"वहिनी," मी गाडीखालनं म्हणालो, "दाजीपूरच्या रानात मला गवा भेटला होता ते सांगितलंय का तुम्हाला?"

"ह्यांनी सांगितलंय. पण तुमच्या तोंडनं न्हाई ऐकलं भावजी."

"सायलेन्सर गळून पडला होता माझ्या गाडीचा. आवाज कसा, तर ढग फुटल्यागत. तर हा गवा रानातनं बाहेर आला. त्याला वाटलं, दुसरा कोणतरी गवा ह्याच्या हद्दीत येऊन ह्याला बोलतोय. त्यानं हुंकार दिला. मी भीतीनं अॅक्सिलेटर पिळला. म्हणजे मी उत्तर दिलं. तो परत हुंकारला. मी परत पिळला. अर्धा तास आमचं बोलणं चाललंय."

"काय बोलत होता?" वहिनींनी विचारलं. नारळ त्या विसरल्या होत्या.

"मी कशाला इचारतोय. मी हो ला हो करत होतो. आणि वहिनी, ऐन वक्ताला पेट्रोल संपलं."

"ज्ञान्या," दौलत मध्येच वाकून म्हणाला, "टाच मारली की गिअर उतरायचा ना रं? माझ्या जुन्या गाडीगत?"

"न्हाई. ह्या गाडीला टाचेनं चढतो. पंज्यानं उतरतो."

"उलटंच की. जुन्यागत करता येत न्हाई?"

"न्हाई येत. ह्या गाडीत ते तसंच असतंय," मी म्हणालो आणि वहिनींकडं वळलो. "पेट्रोल संपलं म्हटल्यावर आता आवाज कुठनं काढायचा? तोंडानं. गाडी ढकलत निघालो आणि तोंडानं धडधडधडधड करत राहिलो. गवा मागं. मी थांबलो की तो थांबायचा आणि बघायचा, हा गप्प का झाला. असं करत करत राधानगरीच्या चौकात आलो. तिथं सलूनच्या आरशात गव्याला गवा दिसला. तो सरळ आत गेला आणि खुर्चीपुढं उभा राहिला. न्हाव्यानं मान वर न करता विचारलं, दाढी का कटिंग?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. दौलतसुद्धा हसला, पण घड्याळाकडं बघत.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी शेवटचा नट आवळला. दोन तासांत मी गाडी सात वेळा मैदानात फिरवून आणली होती, त्यामुळं लिव्हर लोण्यागत चालत होती. मग दौलतला बसवलं. पंज्यानं पहिला, टाचेनं दुसरा, टाचेनं तिसरा. दोन चकरा मारून तो आला. चेहरा उजळला होता.

"जमलं. एवढं काय त्यात. टाच म्हणजे वर."

"आणि उतरताना?"

"पंजा. डोक्यात बसलंय."

वहिनी एका अंगाला पाय घेऊन मागं बसल्या, पिशवी छातीशी धरली. जुनी गाडी दौलतनं माझ्याकडंच ठेवली, कुणी गिऱ्हाईक आलं तर दाखवायला. काळी क्रूझर धडधडत वळणाआड गेली. मी हात धुतले.

आता माझ्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. बाजारात जाऊन मिसळ खावी म्हणून मी दौलतची जुनी गाडी काढली. चढावर ती कुरकुरली, मग बाजाराचा उतार लागला. खाली उसाच्या वाड्यानं, म्हणजे वैरणीच्या हिरव्या शेंड्यांनी, भरलेली बैलगाडी आडवी चालली होती. मी तिसऱ्यात होतो. दुसरा टाकावा म्हणून पाय दाबला. गाडी हळू व्हायची ती मोकळी सुटली. परत दाबला. काहीच नाही. तिसऱ्यांदा दाबला तोवर माझं तोंड वाड्यात होतं.

बैलगाडीवाला खाली उतरला, मला पायाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाला, "मिस्त्री, भूक लागली हुती तर सांगायचं."

लोक हसले. मी पण हसलो असतो. पण मी गाडीकडं बघत होतो. ती चौथ्यात अडकून पडली होती. दौलतच्या जुन्या गाडीला उतरवायला टाच मारायची असते, आणि मी पंजा दाबला होता. का? तर सकाळी दोन तास क्रूझर फिरवली म्हणून. हयात गाड्यांत गेलेला मी, आणि दोन तासांत माझा पाय फसला.

दौलतच्या पायाला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

सपाट रस्त्यावर तो डोक्यानं गाडी चालवेल. टाच म्हणजे वर, पंजा म्हणजे खाली. पण घाट लागला, समोरनं ट्रक आला, वळण अंगावर आलं, की डोकं कोण विचारतंय? पाय आपल्या सवयीनं जाणार. गाडी आवरायला तो टाच मारणार, आणि ह्या गाडीत टाच मारली की गिअर वर. इंजिनची पकड सुटली की गाडी आणखी पळणार. ती पळाली की हा आणखी टाच मारणार. सगळा भार ब्रेकवर, आणि मागं वहिनी, एका अंगाला बसलेल्या, नारळ धरून.

मी किराणा दुकानात शिरलो आणि फोन ओढला. घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू व्हायच्या आधी, सखाराम धुरीची चहाची टपरी होती आणि तिथं फोन होता. त्याच्या पुढं खाली जाईपर्यंत कुठं माणूस भेटायचं नाही.

"धुरी, ज्ञानू बोलतोय."

"बोल. आज खयचो मंत्री येता?"

हे सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी ह्याच धुरीला फोन करून सांगितलं होतं की मंत्र्यांच्या चाळीस गाड्या घाट उतरतायत, साहेबांना तुझे वडे खायचेत. धुरीनं दोनशे वडे तळले. संध्याकाळपर्यंत रस्त्यानं एक दुधाची गाडी आणि एक लग्नाचं वऱ्हाड गेलं, आणि वऱ्हाड जेवून आलेलं होतं.

"धुरी, ऐक. मंत्री न्हाई. काळी लांब क्रूझर येईल. पुढं वायरमन, मागं त्याची बायको. त्यांना घाट उतरू देऊ नको."

"ब्रेक गेले?"

"ब्रेक चांगले हाईत."

"चाक?"

"चाक बी चांगलं हाय. टाचेचा घोळ झालाय."



"टाचेचो," धुरी म्हणाला. "ह्या बरा आसा. मंत्र्यापेक्षा बरा आसा, मिस्त्री." आणि हसत हसत फोन ठेवला.

मी त्या रिसीव्हरकडं बघत राहिलो. दुकानदार म्हणाला, "काय झालं?" मी त्याला सांगितलं. तो पण हसला. मग मी ओळखलं की खरं सांगून हे व्हायचं नाही. मी परत नंबर फिरवला.

"पकडलंस बघ मला धुरी," मी म्हणालो. "टाचेचं खोटं. पण गाडी खरी हाय. त्या गाडीवरची बाई तुमच्यातलीच, धुरींची. तुझ्या चुलत्याची घाटावर दिलेली लेक. बावीस वर्षांनी माहेरच्या जत्रेला चाललीया. तुझ्या दारावरनं ती तोंडात पाणी न घालता गेली तर बघ, भावकीत तुला काय म्हणतील. मी यायच्या आत तिला सोडू नको."

धुरी "बरा," एवढंच म्हणाला.

सख्खी बहीण नसलेला माणूस तो. त्याला बहीण दिली म्हटल्यावर तो रस्त्यात आडवा झोपेल, असा माझा हिशेब. जुनी गाडी वाड्यातनं उपसली, गॅरेजवरनं दोन पाने आणि एक पक्कड खिशात टाकली आणि निघालो.

राधानगरीपासून घाटाचं तोंड तीस किलोमीटर. पाऊण तासाचा रस्ता. त्या पाऊण तासात मी दौलतला किमान नऊ वेळा दरीत पडलेला बघितला. प्रत्येक वळणावर रस्त्यावर टायर घासल्याची खूण शोधायची, आणि ती नाही दिसली की जीव खाली बसायच्या आत पुढचं वळण. रान दाट होत गेलं. एका ओढ्याजवळ लाकडं भरलेला ट्रक चाक बदलत उभा होता. मी गाडी न थांबवताच ओरडलो, "काळी क्रूझर बघितली का?"

"बघितली की. बाई गाणं म्हणत होती," ड्रायव्हर म्हणाला.

वहिनींना मी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

आणखी एक होतं, जे मला त्या पाऊण तासात नको असताना परत परत ऐकू येत होतं. "जुन्यागत करता येत न्हाई?" दौलत वाकून विचारतोय, आणि मी गाडीखालनं उत्तर देतोय. मी गाडी आणखी पिळायचो, की आवाजात ते बुडून जावं. जुन्या गाडीचा आवाज तेवढा मोठा नव्हता.

घाटाच्या तोंडाशी आलो तर क्रूझर टपरीपुढं उभी. मी तिथंच गाडीवर बसून राहिलो.

वहिनी आत बाकावर बसून भजी खात होत्या. धुरीची बायको त्यांना कुंकू लावत होती, ओटीत तांदूळ पडले होते. आणि दौलत टपरीपुढं येरझाऱ्या घालत होता, सकाळसारख्याच, फक्त आता रागानं.

"ज्ञान्या, तू इथं कसा? बरं झालं आलास. ह्या माणसाला सांग. रस्त्यात हात पसरून उभा राहिला, गाडीची किल्ली काढून खिशात घातली आणि अर्धा तास झाला देत न्हाई. हिला ताई म्हणतोय. कोण कुणाची ताई? साडेअकरा वाजले."

"मीच सांगितलं होतं त्याला," मी म्हणालो आणि टाचेचं सगळं सांगितलं. वाड्याच्या गाडीसकट.

दौलतनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "तू पडलास म्हणून मी पडणार? तीस किलोमीटर आलो मी. एकदा चुकलो न्हाई."

"सपाटीला."

"माझ्या डोक्यात बसलंय म्हणून सांगतोय नव्हं."

"डोक्यात बसलंय रं. पायाचं काय?"

"किल्ली दे," तो धुरीला म्हणाला. धुरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं किल्ली दिली.

"एकच कर," मी दौलतला म्हणालो. "वहिनी इथं बसू देत. तू एकटा आलेल्या बाजूनं शंभर पावलं जा आणि इथं परत ये. दुसऱ्या गिअरात, सावकाश. मग जा तुला जायचं तिकडं. मी आडवा येणार न्हाई."

टपरीपुढचा तो रस्ता सपाट, दोन्हीकडं मोकळं. दौलत गेला, वळला, दुसऱ्यात धडधडत परत आला. ऐटीत. माझ्याकडं बघून हसलासुद्धा. तो वीसएक पावलांवर आला तेव्हा मी त्याच्या मागं बोट दाखवलं आणि जितका आवाज होता तितक्यानं ओरडलो, "दौलत, गवा."

ज्ञानू मिस्त्री थापा मारतो हे दौलतच्या डोक्याला तीस वर्षं ठाऊक होतं. पायाला ठाऊक नव्हतं. टाच खाली गेली. खट्. तिसरा पडला. गाडी आवरली नाही म्हणून परत टाच. खट्. चौथा. क्रूझर गचके खात धुरीच्या पाण्याच्या पिंपापर्यंत आली, दोन्ही ब्रेक दाबल्यावर थांबली आणि बंद पडली.

दौलत आपल्या डाव्या पायाकडं बघत होता. हातातनं निसटलेल्या वायरकडं बघावं तसा. मग त्यानं रस्ता जिथं खाली वळत होता तिकडं बघितलं.

मी खिशातनं पाने काढले.

गिअरच्या लिव्हरपासून एक दांडी मागं इंजिनकडं जाते. तिथं इंजिनातनं बाहेर आलेल्या दातेरी शाफ्टवर एक बोटाएवढा लोखंडी हात असतो, त्याला ती दांडी जोडलेली असते. तो हात वर तोंड करून होता. मी त्याचा बोल्ट सैल केला, हात ओढून काढला, खाली तोंड करून परत त्याच दात्यांवर बसवला, दांडी दोन आटे लांब केली, आवळली. एवढंच. हात खाली तोंड करून बसला की सगळं उलटं होतं.

"बस," मी दौलतला म्हणालो. "पहिला तेवढा टाचेनं टाकायचा. मग सगळे पंज्यानं पुढं. उतरवताना टाच. तुझ्या जुन्या गाडीगत."

तो बसला. गेला, आला. मी परत ओरडलो. आता गवा म्हणालो नाही, नुसताच ओरडलो. टाच खाली गेली आणि गाडी जागच्या जागी दबली, पोतं टाकल्यासारखी. त्यानं तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा.

मग त्यानं इंजिन बंद केलं.

"किती वेळ लागला रं ह्याला?"

"पंधरा मिनिटं."

"म्हणजे करता येत होतं."

मी पाने पुसत होतो. त्यांना पुसण्यासारखं काही लागलं नव्हतं.

"सकाळी मी इचारलं होतं तुला ज्ञान्या."

"होय."

"न्हाई येत म्हणालास."

"होय."

"का?"

मी खूप थापा मारल्यात. मंत्र्यांच्या, गव्याच्या, म्हशीच्या. एखादी चांगलीशी ह्या वेळीही सुचली असती. घाई होती म्हणालो असतो, पाना नव्हता म्हणालो असतो. वहिनी भज्याची बशी खाली ठेवून माझ्याकडं बघत होत्या.

"पेट्रोल संपलं तिथवर आली होती गोष्ट," मी म्हणालो. "तुला होय म्हटलं असतं तर उठून दुसरीकडं जावं लागलं असतं, दांडी सोडावी लागली असती. वहिनी हसायच्या बेतात होत्या."

मला वाटलं हा आता हात उचलेल. बरं झालं असतं. पण त्यानं फक्त बायकोला हाक मारली, "चला, चार वाजता पालखी हाय."

वहिनी उठल्या, ओटीचे तांदूळ पिशवीत बांधून घेतले, धुरीच्या बायकोच्या हाताला हात लावला. जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"भावजी, गोष्ट चांगली होती," त्या म्हणाल्या. "पण एवढी न्हाई."

त्या मागं बसल्या. दौलतनं टाचेनं पहिला टाकला आणि क्रूझर घाटाच्या पहिल्या वळणाआड गेली.

मी रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर जाऊन बसलो. खाली गाडी दिसत नव्हती, झाडीच झाडी. नुसता आवाज येत होता. धुरी मागनं येऊन उभा राहिला.

"धुरी, ती तुमच्यातली न्हाई," मी म्हणालो. "ते पण खोटंच होतं."

"माका ठाऊक आसा. आमच्या चुलत्याक लेकच नाय."

"मग फोनवर बरा कसं म्हणालास?"

"काय म्हणू? तू दुसरो फोन केलंस तेव्हा मी रस्त्यार जावकच निघालेलंय. बायकोक म्हटलंय, ओटी तरी भर. खोटी का असेना, माहेराक चाललेली बाई ती."

"पण पहिल्या फोनला तर हसलास तू."

"हसलंय. मगे फोन ठेवल्यार आठवला." धुरीनं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. "तू नाय हसलंस. मंत्री येता म्हणालंस तेव्हा तुझ्या आवाजात हसू हुता, मी वडे तळूच्या नादात ऐकूक नाय. आज नाय हुता."

तो आत गेला आणि कागदावर दोन वडे घेऊन परत आला. माझ्या हातात दिले.

"हे दोन," तो म्हणाला. "एकशे अठ्ठ्याण्णव रवले. येवन खात जा."

मी वडे हातात धरून तसाच बसलो. खालनं आवाज आला. गाडी वळणावर आली असणार. इंजिनचा सूर जड होत होता, उतार ओढत होता. धुरी पण ऐकत होता. मग तो सूर एकदम चढला आणि गाडी दबली. टाच बसली होती, गिअर उतरला होता. पुन्हा मोकळी चाल. पुन्हा वळण. मी मोजत होतो.

पाचव्या वळणाला बराच वेळ काही आलं नाही. धुरी म्हणाला, "थंय झाडी दाट आसा," पण तोही कठड्यावर वाकला होता. खाली कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजला. मी उठून उभा राहिलो.

मग लांबून, अगदी बारीक, तो सूर चढला.

मी वडा खाल्ला. गार झाला होता.